किंमत सांगून गप्प बसणाऱ्या बाई

"किंमत सांगा, आणि गप्प बसा."

हे वाक्य बाई इतक्या वेळा म्हणत, की आमच्या मजल्यावरच्या शिपायालाही ते पाठ झालं होतं. म्हणताना त्या दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवत, समोरच्याकडे बघत आणि खरोखरच गप्प बसत. तोंड मिटून बसणारी माणसं तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. बाईंचे खांदे, भुवया, बोटं, सगळंच गप्प बसायचं. समोरचा माणूस खुर्चीत चुळबुळ करायला लागायचा, घसा खाकरायचा, उगाच पंख्याकडे बघायचा. त्या बघत राहायच्या. रागानं नव्हे, अगदी प्रेमानं, म्हणून जास्तच अवघड व्हायचं.

बाई आमच्या संस्थेत घड्याळं शिकवत. आता हे वाक्य ऐकून लोक हसतात, मीही पहिल्यांदा हसलो होतो. पण अभ्यासक्रमाचं नाव चांगलं भारदस्त होतं, 'लक्झरी ब्रँड मॅनेजमेंट आणि घड्याळनिर्मिती', पदवीनंतरचा. हातानं जुळवलेली, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी महाग घड्याळं कशी बनतात, ती कोण घेतं, का घेतं, त्यांचं नाव कसं जपायचं आणि ती विकायची कशी, हे सगळं त्यात होतं. जागा मात्र सयाजीगंजात, स्टेशनच्या बाजूला, झेरॉक्सवाला आणि हॉस्टेलच्या मुलांची खानावळ यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. मी शेजारच्या वर्गात हिशेबशास्त्र शिकवतो. मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळे बाईंचा अख्खा अभ्यासक्रम मी फी न भरता ऐकला आहे.

तर गप्प बसण्याबद्दल. आमच्या बडोद्यात दुकानदार गप्प बसला तर गिऱ्हाईक त्याची तब्येत विचारतं. इथे साडी विकणारा आधी तुमच्या मामांचं गाव विचारतो, मग पदर उलगडतो. बाईंच्या वर्गातली पोरं असल्याच घरांतली, कोणाची सोन्याची पेढी, कोणाचं कापडाचं दुकान. बोलणं त्यांच्या रक्तातच. आणि या पोरांना बाई शिकवत होत्या, की किंमत सांगितल्यावर एक अक्षर बोलायचं नाही. जो आधी बोलला तो उतरला.

जवळच्या सावली गावाहून रोज बसनं येणारी हेतल नावाची एक मुलगी होती. सावलीच्या बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान, लहानपणापासून गल्ल्याजवळ बसलेली, जीभ कात्रीसारखी चालणारी. पहिल्या सरावाच्या दिवशी बाई गिऱ्हाईक झाल्या. नंतर पोरांनी सांगितलं त्याप्रमाणे, हेतलनं हातमोजे घातले, मखमली तबकात घड्याळ ठेवून ते दोन्ही हातांनी पुढं केलं, अदबीनं किंमत सांगितली. बाईंनी हात पालथे ठेवले. मी भिंतीपलीकडे खडू हातात धरून थांबलो होतो. माझा वर्गही थांबला होता.

थोड्याच वेळात हेतलचा आवाज आला, "मॅडम, तमारा माटे थोडुं ओछुं करी दईश." तुमच्यासाठी थोडं कमी करते म्हणे. शांतता. मग तिनं पट्टा फुकट देऊ केला. शांतता. मग चहा मागवू का विचारलं. शेवटी तिनं बाईंना पुढच्या महिन्यात असलेल्या चुलतबहिणीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, सहकुटुंब.

इकडे माझी पोरं बाकांवर डोकी ठेवून हसत होती. पलीकडे बाईंनी घड्याळ उचलून हेतलच्या हातात ठेवलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "तू घड्याळ विकलंच नाहीस. तू घाबरलीस, तेवढंच मला विकलंस." मग हसून त्यांनी लग्नाची तारीखही विचारून घेतली, आणि गेल्याही त्या लग्नाला.

बाईंचे वडील खानदेशातून बडोद्याच्या रिफायनरीत नोकरीला आलेले. बाई तिथल्या कॉलनीत वाढल्या, इथेच इंजिनिअर झाल्या, आणि मग सगळ्यांना अचंब्यात टाकून स्वित्झर्लंडला घड्याळं शिकायला गेल्या. आधी टेबलावर बसून हातानं घड्याळ बांधायला शिकल्या, नंतर त्याच धंद्याचं वरचं शिक्षण घेतलं. एका मोठ्या घड्याळ कंपनीत वर्षानुवर्षं होत्या. अर्ध्या जगातल्या तिच्या दुकानांमधली माणसं बाईंच्या हाताखाली तयार झाली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्या सगळं सोडून परत आल्या. आई गेली. बाई राहिल्या. का राहिलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "इथली पोरं असली घड्याळं विकत घेऊ शकतात, पण शिकू शकत नाहीत. ते मला बघवत नाही." एवढंच. पुढं त्यांनी माझ्या डब्यातली मेथीची भाजी मागून घेतली.

राहायच्या घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या एका गल्लीत, अरुंद घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं. घड्याळवाल्या बाई आणि घडियाळी पोळ, म्हणजे चेष्टेला आयतंच कोलीत. त्या म्हणत, भाडं परवडलं म्हणून घेतलं, नावाकडे नंतर लक्ष गेलं. कापलेले पांढरे केस, सुती कुडता, खिशाला दोरीनं अडकवलेलं भिंग. मनगट मात्र रिकामं. दुसऱ्याचं घड्याळ हाताळताना आपलं त्यावर घासलं तर ओरखडा उठतो, म्हणून त्या घड्याळ घालत नसत. वेळ विचारायची झाली तर मला विचारत. मला त्याचा मोठा अभिमान वाटे. आमचे पूर्वज बडोदे सरकारच्या फौजेत घोड्यावर होते, पणजोबांची तलवार अजून माळ्यावर आहे, पण एवढ्या जाणत्या माणसानं वेळ विचारावी असा मान आमच्या घराण्यात मलाच मिळाला.

त्यांची गप्प बसण्याची ताकद मी वर्गाबाहेर पहिल्यांदा पाहिली ती रिक्षावाल्यासमोर. आम्ही दोघं संस्थेच्या कामानं निघालो होतो. रिक्षावाल्यानं आकडा सांगितला. मी नेहमीप्रमाणे हुज्जत घालायला तोंड उघडलं. बाईंनी मला हातानं थांबवलं, आपला आकडा सांगितला आणि गप्प बसल्या. रिक्षावाला म्हणाला, गॅस महाग झालाय. बाई गप्प. तो म्हणाला, परत येताना सवारी मिळत नाही. बाई गप्प. तो म्हणाला, आता तुम्ही रोजच्याच म्हणून. मग स्वतःशीच घासाघीस करत तो बाईंच्या आकड्याच्याही खाली उतरला. बाई लगेच म्हणाल्या, नाही, मी सांगितलं तेवढेच देणार. रस्ताभर तो आरशातून त्यांच्याकडे बघत होता. मीही.

दुसरी त्यांची सक्ती म्हणजे टेबलं. मॅनेजमेंट शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला एक घड्याळ पूर्ण उघडून पुन्हा जुळवावंच लागे. छातीएवढ्या उंचीची टेबलं त्यांनी सुताराकडून समोर बसून करवून घेतली होती, म्हणजे काम डोळ्यांच्या जवळ येतं आणि पाठ वाकत नाही. पोरं कुरकुरायची. आम्ही मॅनेजर होणार, कारागीर थोडेच? बाई म्हणत, "आत काय आहे ते न बघता किंमत सांगितली, की आवाज कापतो. गिऱ्हाइकाला तो ऐकू येतो."

त्या घड्याळातला स्क्रू तिळाहून लहान. चिमट्यातून निसटला की गेला. मग वर्ग थांबे, पंखे बंद होत, सगळे चपला काढून जमिनीवर ओणवे. एकदा आमचे ट्रस्टीसाहेब पाहुण्यांना संस्था दाखवायला घेऊन आले. दार उघडलं तर उच्च व्यवस्थापनाचा अख्खा वर्ग मोबाइलचे दिवे लावून रांगतोय, आणि सगळ्यात पुढे बाई. साहेब दारातच थबकले. बाईंनी वरही न बघता सांगितलं, "साहेब, पाय उचलू नका. तुमच्या बुटाखाली असेल." साहेब पाहुण्यांसकट तसेच उभे राहिले. स्क्रू खिडकीच्या चौकटीपाशी मिळाला. तो कसा तिथे गेला हे कोणालाच कळलं नाही.

हेतलचं घड्याळ पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी बाईंनी प्लायवूडवर टकटक करून मला बोलावलं. म्हणाल्या, बघा. मी भिंग डोळ्याला लावलं. आधी नुसता अंधार. मग हळूहळू दिसायला लागलं. एक इवलंसं चाक डावीकडे-उजवीकडे झुलत होतं, आणि त्याच्या मधोमध केसाहून बारीक स्प्रिंग मिटत होती, उघडत होती. झोपलेल्या बाळाचं पोट हलतं तसं. आजूबाजूला बारीक चाकं, काही इतकी सावकाश की फिरताहेत हे विश्वासानंच मान्य करायचं. मी मान वर केली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. हिशेबाच्या मास्तराला हे शोभत नाही, पण होतं. सावलीच्या कापडाच्या दुकानातल्या मुलीनं हे हातानं जुळवलं होतं, आणि तिला ते या बाईंनी शिकवलं होतं. हेतल त्या वेळी एक शब्द बोलत नव्हती. तिला कोणी गप्प बस म्हटलंही नव्हतं.

बाईंचं सगळं ठीक चाललं होतं असं मात्र नाही. पोरं मोजकीच यायची आणि जागा मोठी लागायची. ट्रस्टीसाहेब सोन्याच्या पेढीवाले, मनानं चांगले, पण रिकामी खुर्ची त्यांच्या डोळ्यांत खुपे. त्या जागेत परदेशी जाणाऱ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग काढायचं त्यांच्या मनात होतं. ते वर्ग बडोद्यात पावसाळी छत्र्यांसारखे खपतात. त्यांनी बाईंना सांगून टाकलं, की तुमच्या त्या जुन्या कंपनीची माणसं हिवाळ्यात येणार आहेत. त्यांनी आपल्याशी करार केला तर अभ्यासक्रम राहील. नाही केला तर जूनपासून बंद. टेबलं विकून टाकू.

बाईंनी ते आम्हाला दुपारच्या डब्याच्या वेळी सांगितलं, भाजी संपली सांगावं तसं. पण त्या दिवसापासून वर्ग सुटल्यावर त्या टेबलं स्वतः पुसायला लागल्या. शिपायाला हात लावू देईनात.

कंपनीची माणसं आली. मुंबईच्या दुकानाचा एक तरुण साहेब, आणि त्याच्यावरची एक स्विस बाई, चाळिशीची, सरळ पाठीची. ही एकेकाळी आमच्या बाईंच्या हाताखाली शिकलेली. तिनं जिन्यातच बाईंना मिठी मारली. मला वाटलं, झालं काम.

तिनं पोरांची परीक्षा घेतली. स्वतः गिऱ्हाईक झाली. हेतलची पाळी आली तेव्हा मी माझ्या वर्गाला उदाहरण सोडवायला देऊन भिंतीला कान लावला. हेतलनं इंग्रजीत किंमत सांगितली. मग काहीच ऐकू येईना. मी मनात म्हणत होतो, पोरी, लग्नाला बोलावू नकोस. अखेर त्या पाहुणीचाच आवाज आला, घड्याळ घेते म्हणून. नंतर कळलं, की हेतलनं टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले होते.

पोरं सगळीच चांगली निघाली. एवढं झाल्यावर ट्रस्टीसाहेबांच्या खोलीत बैठक बसली. अभ्यासक्रमाचा खर्च विचारला तर सांगायला माणूस हवा, म्हणून मलाही बसवलं. टेबलावर साहेबांनी बडोद्याचा लीलो चेवडो, म्हणजे ओलसर चिवडा, शेव, पेढे असं सगळं मांडलं होतं. साहेबांचा नियम असा, की भुकेल्या पोटी कोणी होकार देत नाही.

स्विस बाईनं आधी भरपूर कौतुक केलं. मग म्हणाली, करार मात्र जमणार नाही. एका खोलीत, एवढ्याशा टेबलांवर चालणारा वर्ग कंपनीच्या कागदावर बसत नाही. दुबईत त्यांनी माणसं तयार करायचं मोठं केंद्र उघडलं होतं. तिथे बाई हव्या होत्या. ती म्हणाली, या पोरांना इतकं शिकवणारं दुसरं कोणी आमच्याकडे नाही. तुम्ही परत या.

साहेबांचा चेहरा मला वाचता येत होता. त्यांना वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. बाई मोठ्या जागी जातील, वर्ग मानानं बंद होईल, कोणाचं मन दुखणार नाही. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"येते," त्या म्हणाल्या. "पण दरवर्षी तुमची नवी माणसं आधी इथे येतील. याच खोलीत, याच टेबलांवर, आमच्या पोरांबरोबर शिकतील. मग दुबईला."

आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

समोर बसलेली बाई त्यांचीच शिष्या. तिनंही हात पालथे ठेवले.

त्या खोलीत पुढे काय झालं ते मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे, कारण काहीच झालं नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मुंबईचा साहेब पेनाचं टोपण काढून लावत होता, तेही थांबलं. खाली खानावळीत फोडणी पडल्याचा वास आला. स्टेशनवर एक गाडी आली, तिची घोषणा तीन भाषांत झाली, गाडी गेली. दोघी तशाच. दोन पहिलवान हातात हात अडकवून उभे असावेत आणि बाहेरून वाटावं की गळाभेटच चाललीय, असं ते दृश्य होतं. मला बाईंची भीती वाटली. एवढी वर्षं मी ज्यांना मेथीची भाजी वाढली, त्या या बाईंना मी ओळखतच नव्हतो. अभ्यासक्रम, टेबलं, हेतल, पुढं येणारी सगळी पोरं, सगळं त्यांनी त्या एका वाक्यावर ठेवलं होतं आणि आता त्या वाक्याला आणखी एका शब्दाचाही टेकू देणार नव्हत्या.

आणि तेवढ्यात माझ्या शेजारी खुर्ची करकरली.

ट्रस्टीसाहेब पुढं झुकले होते. जन्मभर पेढीवर बसलेला माणूस. गिऱ्हाईक गप्प झालं की भाव थोडा खाली आणायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांचे ओठ हलायला लागले. "एटले एम के, दर वरसे ना फावे तो..." दरवर्षी जमत नसेल तर एक वर्षाआड, असं ते बाईंच्या वतीनं सूट द्यायला निघाले होते. वाईट हेतूनं नव्हे. त्यांना ती शांतता सोसवेना, आणि सौदा मोडू नये असंच त्यांना वाटत होतं.

मी चेवड्याची बशी उचलून थेट त्यांच्या नाकाखाली धरली. "साहेब, लीलो चेवडो," मी म्हणालो. समोर धरलेली बशी नाकारणं बडोद्याच्या माणसाला शक्य नसतं. त्यांनी सवयीनं मूठ भरली, तोंडात टाकली आणि ते चावत बसले. घास संपत आला तशी मी बशी पुन्हा पुढं केली. त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं आणि पुन्हा मूठ भरली.

"दरवर्षी?" स्विस बाईनं विचारलं.

आमच्या बाईंनी मानसुद्धा हलवली नाही.

मग ती स्विस बाई एकदम हसली. खुर्चीला टेकली, डोळे पुसले, स्वतःशी काहीतरी म्हणाली आणि मग म्हणाली, ठीक आहे, दरवर्षी. मुंबईच्या साहेबानं ते लिहून घेतलं. तेव्हा कुठं बाईंनी टेबलावरचे हात उचलले. टेबलाच्या काचेवर तळव्यांच्या घामाचे ठसे उमटले होते. ट्रस्टीसाहेबांना अजून घास गिळायचा होता.

बाहेर आल्यावर बाईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पूर्ण संपवली. मी म्हणालो, बाई, जिंकलात. त्या म्हणाल्या, "तुमचा चेवडा नसता तर गेलं होतं सगळं." आयुष्यात मला पुष्कळ प्रशस्तिपत्रकं मिळाली आहेत, घरी फायलीत आहेत. ती सगळी एकीकडे.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पोळातली खोली रिकामी केली आणि शेवटचा डबा आमच्याबरोबर खाल्ला. हेतलला साहेबांनी टेबलांवर शिकवायला ठेवून घेतलं होतं. ती कोपऱ्यात भिंग साफ करत रडत होती आणि मी रडत नाहीये असं सगळ्यांना सांगत होती. जिन्यात मी बाईंना विचारलं, "तुम्हाला जायचं होतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

मी त्यावर विचार केला नाही, कारण मला वाटलं, दरवर्षी तर यायच्याच आहेत. नवी माणसं इथे येणार म्हणजे त्यांना घेऊन बाईच येणार. आम्ही सगळेच ते धरून चाललो होतो. त्यात बोलायचं काय?

पहिली तुकडी यायच्या दिवशी ट्रस्टीसाहेब स्वतः विमानतळावर आले, हातात फुलांचा मोठा गुच्छ घेऊन. हेतल नवा ड्रेस घालून आली होती. काचेच्या दारातून पोरं एकेक करून बाहेर आली, कुठली कुठली, एक कोरियाचा मुलगा, दोन दुबईच्या मुली, एक उंच स्विस पोरगा, आणखी काही. सगळी दमलेली, बॅगा ओढत. आम्ही त्यांच्या मागे बघत होतो. मग दार बंद झालं. पुन्हा उघडलं, दुसरीच माणसं आली. हेतल पुढं जाऊन टाचा उंच करून आत बघून आली. शेवटी साहेबांनी तो गुच्छ कोरियाच्या मुलाला दिला. तो इतका वाकला की त्याची पाठीवरची बॅग डोक्यावर आली.

गाडीत साहेब चिडले होते. म्हणाले, बेननं तेव्हाच अट घालायला हवी होती, की माणसांबरोबर मी येणार. पाहुण्यांना नाही म्हणता आलं नसतं. हे खरंच होतं. त्या दिवशी त्या खोलीत बाईंनी जे मागितलं असतं ते मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. पोरं पोचली का, जेवली का, टेबलांची उंची त्या स्विस पोराला कमी पडत असेल तर खाली विटा लावा, असं सगळं झालं. मग मला राहवेना. मी विचारलं, की बाई, तुम्ही स्वतःसाठी का नाही मागितलंत? वर्षातून एकदा यायचं, एवढंच तर होतं.

"एकच मागायचं असतं," त्या म्हणाल्या. "दुसरं मागितलं, की पहिल्याचा भाव पडतो."

"पण मनात होतं?"

फोनमध्ये दुबईच्या कुठल्या तरी खोलीतलं वातानुकूलन यंत्र घरघरत होतं. बाई गप्प होत्या, आणि ही गप्प बसण्याची तऱ्हा मला नवी होती. माझ्यातला बडोदेकर ती फार वेळ सोसू शकला नाही. मीच बोललो. म्हणालो, वर्ग चालू आहे पलीकडे, ऐकायचाय?

त्या म्हणाल्या, "हो."

मी माझ्या पोरांना बसायला सांगितलं आणि व्हरांड्यातून शेजारच्या दाराशी गेलो. आत सगळी टेबलं भरली होती, आमची पोरं आणि त्यांची पोरं मिसळून. हेतल कोरियाच्या मुलाच्या मागे उभी राहून त्याला चिमटा कसा धरायचा ते दाखवत होती. कोणी बोलत नव्हतं. चिमट्यांचा बारीक आवाज, कोणाची तरी खुर्ची, मधेच हेतलचं हळू आवाजातलं इंग्रजी. मी हात लांब करून फोन दारातून आत धरला. पलीकडे बाई ऐकत होत्या. हात भरून आला तेव्हा मी तो दुसऱ्या हातानं धरला, आणि तसाच उभा राहिलो.